गप बसायची सेटिंग

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, ते साठतात. टेबलाच्या खणात रबरबँड आणि बंद पडलेले पेन कसे आपोआप साठतात, तसे. एक दिवस खण बसेनासा होतो, तेव्हा कळतं. आमच्या रेडिओ स्टेशनाचा खण ऑटोमेशन आल्यापासून बसेनासा झालाय!

स्टेशन म्हणजे फार मोठं काही नव्हे. हुमनाबादला शिवराजअण्णांच्या कॉलेजच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि गच्चीवर टॉवर. हवा बरी असली तर इकडं कोहिनूर, तिकडं कमठाण्यापर्यंत ऐकू जातं, असं अण्णा सांगतात. डाळ मिल अण्णांची, शिक्षणसंस्था अण्णांची, त्यामुळं हवासुद्धा बरीच असते. कार्यक्रम तीन भाषांत चालतात: कन्नड, मराठी आणि गौसभाई. गौसभाई आमचे टेक्निशियन. त्यांना माईकवर बोलायची परवानगी नाही, पण माईक चालू आहे की बंद हे त्यांच्याच हातात असल्यामुळं ते बोलतात.

मी मराठीतून बाजारभाव आणि हवामान वाचतो. दोन्हींत माझा काही हात नसतो, तरी रस्त्यात लोक मलाच धरतात.

आणि कमलअक्का. अक्का रोज दुपारी 'निरोप' नावाचा कार्यक्रम लाईव्ह करतात. कुणाची म्हैस सुटून गेली, कुणाला नातू झाला, कुणाची साखरपुड्याची तारीख बदलली, आणि कोणत्या गावात कोण वारलं, माती किती वाजता. आमच्याकडं लोक दिवसभर मोबाईल बघतात, पण मयत मात्र अक्कांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पक्की धरत नाहीत. कुणाकडं तेरावा, कुणाकडं जलदान, कुणाकडं जियारत, कुणाच्या बाबतीत 'लिंगैक्य झाले' म्हणायचं, हे अक्कांना विचारावं लागत नाही. आणि मयताचं नाव वाचलं की अक्का थोडा वेळ गप बसतात. मग पुढचा निरोप. ही त्यांची पहिल्या दिवसापासूनची रीत.

नवी सिस्टीम आली त्या दिवशी अण्णांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "आता सगळं हे मशीन करणार. महिनाभर बघू. ज्याचा कार्यक्रम सिस्टीमवर बसंल त्याचा चालू. न्हाई बसला, तिथं गाणी!"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. जिना उतरताना अक्कांनी मला हळूच विचारलं, "सर, हे मशीन माणसावानी थांबतंय का वो?"

नवरा गेल्यानंतर अक्का घराच्या बाहेर पडल्या त्या या कार्यक्रमामुळं. तो बंद झाला तर त्या काय करतील, याचा विचारसुद्धा मला नको वाटायचा. म्हणून मी म्हणालो, "थांबतंय की!" मला काय माहीत होतं!

* * *

उद्घाटन जोरात झालं. हार, शाल, पेढे, फोटोवाला. सिस्टीम बसवणारा किरण हैदराबादहून आला होता. पोरगा हुशार, पण झोप झाली नव्हती. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि स्पीकरमधून आवाज आला, "टूंऽऽऽऽऽ..."

तो चाचणीचा सूर होता. मशीन तपासायला लावलेला, आणि काढायचा राहून गेलेला. एकच सूर, ना वर, ना खाली. किरणचा चेहरा पांढरा पडला. पण पाहुण्यांना वाटलं, काहीतरी गंभीर सुरू झालं. ते हात जोडून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून अण्णा उभे राहिले. अण्णा उभे राहिले म्हणून अख्खं सभागृह उभं राहिलं. सूर काही संपेना. अण्णांनी ओठ न हलवता मला विचारलं, "सर, बसायचं कधी?"

संध्याकाळी एका श्रोत्याचा फोन आला.

"सकाळी वाजवलाव ते पुन्हा लावा की. लय शांत वाटलं बघा!"

* * *

जुन्या कॉम्प्युटरचं घड्याळ गौसभाईंनी मुद्दाम थोडं पुढं ठेवलेलं होतं. आम्ही दर तासाला वेळ सांगायचो, ती तीच, पुढची. मी नवा होतो तेव्हा त्यांना एकदा हटकलं होतं. ते म्हणाले, "सर, गाँव का आदमी टाइम सुनके उठता. फिर चाय पीता. फिर चप्पल ढूँडता. उसकू सच्चा टाइम बोले तो बस गई!"

अख्खा हुमनाबाद कित्येक वर्षं या खोट्या वेळेवर चालत होता आणि बसा वेळेवर पकडत होता.

नवी सिस्टीम वेळ थेट सॅटेलाईटकडून घेते. पहिल्याच आठवड्यात कॉलेजच्या पोरींची कलबुर्गीची बस चुकली. मास्तर लोक शाळेत उशिरा पोचायला लागले. एका वऱ्हाडाची आधी ठरवलेली गाडी निघून गेली, म्हणे. फोनवर फोन! "तुमची नवी सिस्टीम मागं पडायलीय!"

मी एकाला नीट समजावून सांगितलं की, काका, आधीची वेळ चुकीची होती, आत्ताची बरोबर आहे, ही सॅटेलाईटची वेळ आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर," ते म्हणाले, "सॅटेलाईटला कुठं बस पकडायचीय?"

* * *

या सिस्टीमची आणखी एक खुबी. प्रत्येक गाण्याला आणि प्रत्येक कार्यक्रमाला 'मूड' द्यायचा. आनंदी, दुःखी, भक्ती, कॉमेडी. मग एक संपलं की त्याच मूडचं पुढचं गाणं मशीन स्वतः निवडतं. मूड लावायचं काम किरणनं गौसभाईंना दिलं आणि तो हैदराबादला निघून गेला.

माझा बाजारभाव झाला की लगेच विरहाचं गाणं लागायला लागलं. रोज! तुरीचा भाव सांगायचो, आणि कुणीतरी बाई तळमळून कुणाला तरी सोडून जाऊ नको म्हणायची. मोंढ्यातला एक आडत्या मला म्हणाला, "सर, तुमचा आवाज ऐकला की डोळ्यांत पाणी येतंय, कामून काय की!"

मी गौसभाईंना गाठलं. "बाजारभावाला दुःखी कामून लावलाव?"

"सर, तुमारे अब्बा तूर बोते कि नै?"

"पेरतात."

"बेचके घर कू आए तो हँसते क्या?"

जाता जाता सहज स्क्रीनवर बघितलं, तर माझ्या हवामानाला त्यांनी 'कॉमेडी' लावलं होतं. त्याचं कारण मी विचारलं नाही.

* * *

आता मुख्य भानगड. रेडिओत कुणीच बोलत नाही, काहीच वाजत नाही, असं झालं की त्याला 'डेड एअर' म्हणतात. किरणच्या मते रेडिओत त्याच्याएवढं मोठं पाप नाही. म्हणून सिस्टीमला कान दिलेले आहेत. क्षणभर शांतता जाणवली की तिला वाटतं स्टेशन मेलं, आणि ती स्वतःहून काहीतरी वाजवते. काय वाजवायचं, ते अण्णांनी स्वतः निवडलं होतं. ढोल, ताशा, आणि वर अण्णांचा आवाज: "मी शिवराजअण्णा बोलतोय! खूश राहा, ऐकत राहा!"

पहिल्या दिवशी अक्कांनी वाचलं, "कोहिनूरचे गुंडेरावकाका काल संध्याकाळी वारले. माती आज दुपारी शेतात हाय." आणि रीतीप्रमाणं गप बसल्या.

ढोल! ताशा! "खूश राहा, ऐकत राहा!"

अक्का खुर्चीतून उठल्याच. गौसभाईंनी बटणं दाबून पाहिली, वायर हलवून पाहिली, शेवटी मशीनच्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दोन मयती होत्या, अण्णा दोनदा खूश राहा म्हणाले. किरणला फोन केला तर तो म्हणाला, "सर, वो इंटरनॅशनल स्टँडर्ड सेटिंग है, हात नक्को लगाओ." हात लावायचा म्हटलं तरी पासवर्ड त्याच्याकडंच होता.

अण्णांना येती निवडणूक लढवायची आहे, त्यामुळं ते तालुक्यातली एकही मयत चुकवत नाहीत. ते कोहिनूरला गुंडेरावकाकांच्या घरी भेटायला गेले. ओसरीवर काकांचे मेहुणे बसले होते. त्यांनी अण्णांना सतरंजी दिली, पाणी दिलं, आणि विचारलं:

"काय अण्णा, खूश हाव न्हवं?"

अण्णा तिथून तडक स्टेशनात आले. चूक मशीनची असणं शक्यच नव्हतं, कारण ते नवं होतं. "अक्का, तुम्ही गप बसायचंच न्हाई! बोलत राहा!"

"मयतीनंतर काय बोलू अण्णा?"

"काय बी बोला! जाहिरात वाचा!"

अक्का आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी दुपारी साऱ्या मुलखानं ऐकलं: "...काल रात्री लिंगैक्य झाले. शिवराजअण्णांच्या मिलची डाळ, शिजायला हलकी, पोटाला हलकी!"

त्यानंतर अण्णांनी जाहिरातीचा आग्रह धरला नाही.

* * *

मार्ग निघाला तो मल्लम्मांमुळं. मल्लम्मा आमच्या स्टेशनात झाडलोट करतात. त्यांच्या माहेरच्या गावात मल्लम्मांनी गळा काढल्याशिवाय मयत उचलत नाहीत, अशी त्यांची ख्याती. एका दुपारी त्या स्टुडिओत फरशी पुसत होत्या आणि अक्कांनी कुण्या म्हातारीचं नाव वाचलं. मल्लम्मांची काही ओळख नाही, देख नाही. पण मयत म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. फडकं हातातच, आणि त्या फुटून रडायला लागल्या, "अय्योऽ अव्वाऽ!"

आणि मशीन गप! शांतता नव्हतीच ना, त्याला काय वाजवायचं कारण!

"मशीन डर गया!" गौसभाई नाचायचे बाकी होते.

दुसऱ्या दिवसापासून मल्लम्मांना अक्कांच्या शेजारी स्टूल मिळालं. अक्कांना हे काही आवडलं नव्हतं. "सर, रडणं येगळं, गप बसणं येगळं," त्या मला म्हणाल्या. "रडणारं स्वतःसाठी रडतंय. आपण गप बसतो ते गेलेल्यासाठी." पण कार्यक्रम वाचत होता, म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

आठवडाही झाला नाही, एक माणूस तावातावानं जिना चढून आला.

"आमच्या मामाला दोनच हुंदके? अन् त्या सावकाराच्या टायमाला पार पदर भिजेस्तोवर? कामून? आम्ही गरीब म्हणून?"

मल्लम्मा घाबरल्या. "न्हाई रीऽ! सावकाराच्या दिवशी मला सर्दी झालती!"

प्रकरण तिथं मिटलं नाही. लोक रेडिओ लावून हुंदके मोजायला लागले. कोणत्या जातीला किती, कोणत्या गल्लीला किती, यावर चहाच्या टपरीवर चर्चा झडायला लागली. त्यातच एक दिवस कमठाण्याहून फोन आला. आवाज अगदी अदबीचा.

"आमची म्हातारी अजून हाय, पण डॉक्टरनं आज-उद्याचं सांगितलंय. तेवढं मल्लम्माला रजा देऊ नका!"

अण्णांनी त्याच दिवशी स्टूल काढायला लावलं.

* * *

महिना संपत आला. अण्णांनी मधला मार्ग काढला: अक्कांनी निरोप आधी रेकॉर्ड करायचे, गप बसलेलं गौसभाईंनी कापून टाकायचं, आणि मशीननं ते वाजवायचं. म्हणजे अक्का पाहिजेत, पण अक्का नकोत! अक्कांनी रेकॉर्ड केलं. कापलेलं ऐकलं. "हे मी यादी वाचायलेय सर," म्हणाल्या, "माणसं न्हाईत ही." त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला त्यांच्याकडं बघवेना.

शनिवारी ते वाजलं. रविवारी स्टेशनाला सुट्टी. नवी फाईल सापडली नाही म्हणून मशीननं शनिवारचीच पुन्हा लावली: "नरसिंगदादा आज सकाळी वारले. माती आज संध्याकाळी."

नरसिंगदादांना शनिवारीच माती देऊन झाली होती. रविवारी संध्याकाळी त्यांच्या दारात दोन जीप आणि एक टेम्पो येऊन थांबला. हार, अगरबत्त्या, रडणाऱ्या बायका. दादांचा मुलगा चक्रावून बाहेर आला. "अहो, दादा काल गेले. काल माती बी दिली!"

"मग आज रेडिओत कामून आलं?"

"मला काय ठावं!"

पाहुण्यांत एक लांबचे आजोबा होते. तीन बसा बदलून आलेले. ते काही मागं फिरायला तयार नव्हते.

"अक्काच्या आवाजात आलंय म्हणल्यावर खोटं कसं असंल? तुम्ही घरात नीट बघा. दुसरं कुणी गेलं असंल!"

आणि खरोखर दोघं जण आत गेले आणि बाजेवर झोपलेल्या चुलत्याला हलवून बघितलं. चुलते जे उठले ते शिव्या देतच उठले. त्या दिवशी त्या घरानं आलेल्या सगळ्यांचा दुसऱ्यांदा स्वयंपाक केला. जेवून निघताना आजोबा म्हणाले, "तरी पण उद्या एकदा रेडिओ ऐकतो."

* * *

या प्रकारानं अण्णांचं डोकं फिरलं. मतदारसंघात माणसं दोनदा मरायला लागली तर निवडणूक कोण जिंकणार! त्यांनी किरणला हैदराबादहून बोलावून घेतलं. तो दुपारी आला, लॅपटॉप उघडून अक्कांच्या टेबलाशी बसला. आम्ही सगळे भोवती उभे. मल्लम्मा फडकं घेऊन दारात.

"आज काय ते मिटवा," अण्णा म्हणाले. "जमलं तर अक्का. न्हाई जमलं तर उद्यापासून निरोप बंद, तिथं गाणी. मला पुन्हा ऐकायचं न्हाई."

अक्का पदराचं टोक तेवढं बोटाला गुंडाळत होत्या.

किरणनं पासवर्ड टाकला. किती शांतता चालवून घ्यायची, ती सेटिंग उघडली. स्क्रीनवर एक लहानशी चौकट आली.

"अक्का, कितने सेकंद डालूँ?"

"कुणासाठी?"

"मतलब?"

"मतलब असं बघा बाबा," अक्का त्याच्याकडं वळून म्हणाल्या, "नातवंडं-पतवंडं बघून, भरल्या घरातनं म्हातारं गेलं तर मी जराच थांबते. लोक बी सोनं झालं म्हणत्यात. तरणं माणूस गेलं तर ज्यास्त. अन् लेकरू गेलं तर मला पुढचा निरोप वाचायलाच येत न्हाई. आता तुम्ही सांगा, काय लिवायचं?"

किरणनं चौकटीकडं बघितलं. "अक्का, ये बॉक्स में एकीच नंबर बैठता. सबके लिए एक."

"अरे टाक की काहीतरी!" अण्णा वैतागले. "दोन टाक, तीन टाक! एवढं काय त्यात?"

अक्कांनी खुर्ची थोडी पुढं ओढली. राग नव्हता. शेजारच्या घरातल्या पोराशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "तुमच्या घरातलं कोण गेलंय का वो?"

"अम्मम्मा," किरण म्हणाला. म्हणजे त्याच्या आईची आई. "पिछले साल. मेरेकू उन्होंच पाले."

"नाव काय त्यांचं?"

"सत्यवती."

"मग सत्यवतीअम्मासाठी किती लिवू?"

किरणनं बोट कीबोर्डवर नेलं. ते तिथंच राहिलं. तो स्क्रीनकडं बघत होता. अण्णांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मल्लम्मांच्या हातातल्या फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं, तरी त्या हलल्या नाहीत. खाली हायवेवरनं एक लॉरी गेली, तिचा आवाज येऊन, दूर जाऊन, विरला. किरणचं बोट तसंच होतं.

गौसभाई इतका वेळ मनगटावरच्या घड्याळात बघत होते. ते वाकले आणि किरणच्या कानाशी हळू आवाजात म्हणाले:

"लिखो बेटा. इत्ताच लिखो."